तीन वेळा मॅरेथॉन जिंकून ललिता बाबरने रस्ता का बदलला?

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप.

आपल्याकडे, म्हणजे ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात, पळणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. 'हाफ झाली ना? मग फुल कधी?' जणू शिडीच आहे. ५ किलोमीटर, मग १०, मग २१, आणि सगळ्यात वरची पायरी म्हणजे ४२. आज आपण अशा एका बाईची गोष्ट बघणार आहोत, जी या वरच्या पायरीवरून स्वतःहून खाली उतरली. उतरली, आणि म्हणूनच ऑलिम्पिकच्या फायनलपर्यंत पोचली. ती म्हणजे ललिता बाबर.

ललिता सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. गाव मोही. माण म्हणजे दुष्काळी पट्टा, हे वेगळं सांगायला नको. १९८९ चा जन्म, शेतकरी घर. पळण्याच्या जोरावर पुढे रेल्वेत नोकरी लागली. आपल्याकडच्या बहुतेक खेळाडू मुलींसाठी ही नोकरी म्हणजे पोटापाण्याचाच नाही, तर खेळ चालू ठेवता येण्याचाही आधार असतो.

२०१२, २०१३ आणि २०१४, सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ललिता पहिली आली. हॅटट्रिक! आता कुणालाही वाटेल, की हिचा रस्ता ठरला. पण इथेच खरी गंमत आहे.

आधी मॅरेथॉन म्हणजे नेमकं किती, ते आपल्या भाषेत समजून घेऊ. ठाणे स्टेशनपासून कल्याण स्टेशन रेल्वेने सुमारे २० किलोमीटर. म्हणजे ठाण्याहून कल्याणला जायचं, तिथून परत ठाण्याला यायचं, आणि वर आणखी दोनेक किलोमीटर. झाले ४२.१९५. हे अंतर ललिताने २०१४ मध्ये २ तास ५० मिनिटांच्या आसपास कापलं. तुमच्या-माझ्यासाठी हा वेग अफाटच. पण जागतिक पातळीवरच्या बायका तेव्हाही अडीच तासांच्या आत येत होत्या. म्हणजे देशात पहिली, पण जगात बरीच मागे. मुंबईत भारतीय गटाचं बक्षीस दरवर्षी मिळालं असतं, नावही झालं असतं, पण गाडी तिथेच थांबली असती.

मग तिने निवडली ३००० मीटर स्टीपलचेस. नाव अवघड आहे, खेळ त्याहून अवघड. ट्रॅकवर सुमारे साडेसात फेऱ्या. त्यात २८ वेळा अडथळा ओलांडायचा, शिवाय ७ वेळा पाण्याची उडी. बायकांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. आणि हा अडथळा हर्डल्ससारखा धक्का लागला की पडत नाही. भक्कम लाकडी ओंडका असतो. पाय अडकला तर तो नाही, तुम्हीच पडता.

यात संधी कुठे होती? बायकांची स्टीपलचेस हा तसा नवा प्रकार. जागतिक स्पर्धेत ती पहिल्यांदा आली २००५ ला, ऑलिम्पिकमध्ये २००८ ला. आणि आपल्याकडे वाट दाखवणारी एक होती. उत्तर प्रदेशातल्या रायबरेलीच्या सुधा सिंगने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं होतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मॅरेथॉन वर्षातून दोनदा, फार तर तीनदा नीट पळता येते. शरीरातला साखरेचा साठा साधारण ३० किलोमीटरच्या पुढे संपत येतो, आणि सावरायला पुढे कित्येक आठवडे लागतात. त्या एका सकाळी ऊन जास्त असलं, पोट बिघडलं, की चार-सहा महिन्यांची मेहनत गेली. ट्रॅकवर तसं नसतं. चुकलात तर पुढच्या स्पर्धेत दुरुस्त करता येतं. शिकण्याचा वेग वाढतो.

आणि तो वाढलाच. बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्या हाताखाली तिची तयारी झाली. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ९ मिनिटं ३५.३७ सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम आणि कांस्य. २०१५ मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत फायनल गाठून आठवी.

आता मधली एक गोष्ट बघा. जानेवारी २०१५ मध्ये ती पुन्हा मुंबई मॅरेथॉनला उभी राहिली. या वेळी पहिली आली केरळची ओ. पी. जैशा, आणि ललिता दुसरी. पण वेळ? २ तास ३८ मिनिटं २१ सेकंद. वर्षभरात सुमारे १२ मिनिटं कमी! जिममध्ये ट्रेडमिलवर १६ चा स्पीड लावून बघा, एक मिनिट टिकतो का. ती त्या वेगाने अडीच तासांहून जास्त पळाली. मॅरेथॉन सोडल्यावर तिची मॅरेथॉन सुधारली होती. याला एकच कारण असतं असं नाही, पण कमी अंतरात कमावलेला वेग लांब अंतरातही कामी येतो, हे यातून कळतं.

म्हणजे आता तिच्यासमोर दोन्ही दारं उघडी होती. तिने स्टीपलचेसच धरून ठेवली.

रिओ, ऑगस्ट २०१६. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद. स्वतःचीच आधीची सर्वोत्तम वेळ सात सेकंदांहून जास्त फरकाने सुधारली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा फायनलला उभी राहिली होती, त्यानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिम्पिकच्या ट्रॅकवरच्या वैयक्तिक फायनलमध्ये आली. फायनल होती १५ ऑगस्टला. ललिता दहावी आली, ९ मिनिटं २२.७४ सेकंद. कांस्यपदक तिच्यापासून सुमारे १५ सेकंद दूर होतं.

त्याच रिओमध्ये मॅरेथॉनला आपल्या नाशिक जिल्ह्यातली कविता राऊतही होती. सावरपाडा एक्सप्रेस! २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य, त्याच वर्षी आशियाई रौप्य. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत सुवर्ण जिंकून ती रिओला गेली. तिथे लागले २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद, आणि क्रमांक १२० वा. बाई तीच, वर्ष तेच, फरक जवळपास २१ मिनिटांचा. कविता कमी पडली असं समजू नका. मॅरेथॉन किती निर्दय असते, ते यातून समजून घ्या.

रिओच्या वेळी ललिता २७ वर्षांची होती. त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण रिओनंतर ती मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा दिसली नाही. पुढे महाराष्ट्र शासनाने तिला थेट अधिकारी म्हणून नियुक्ती दिली, आणि रायगड जिल्ह्यातल्या माणगावला तिने तहसीलदार म्हणून कामही पाहिलं. तिचा ९:१९.७६ चा विक्रम मात्र सात वर्षं टिकला. २०२३ मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीने तो मोडला.

इथे थोडं थांबू या. लांब पल्ल्याची बाई उशिरा पिकते. २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकणारी रुमानियाची कॉन्स्टँटिना दिता ३८ वर्षांची होती. आपली सुधा सिंगसुद्धा स्टीपलचेसकडून मॅरेथॉनकडे वळली, आणि २०१९ मध्ये, तिशी ओलांडल्यावर, मुंबईत २ तास ३४ मिनिटं ५६ सेकंदांत पळाली. ललिता तिच्याहून तीन वर्षांनी लहान. तिशीतली ललिता मॅरेथॉनला परत आली असती तर? उत्तर मिळणार नाही. नोकरी, संसार, दुखापती हे कुणालाच चुकत नाही, आणि तिने निवडलेल्या आयुष्याचा हिशेब आपण मांडायचा नाही. पण मोहीसारख्या गावातून येणाऱ्या पुढच्या मुलीला तिशीपर्यंत निर्धास्त पळता येईल का, हा प्रश्न आपलाच आहे.

तर मंडळी, घरात किंवा सोसायटीत एखादी मुलगी छान पळत असेल, तर तिला 'फुल कधी?' असं विचारण्याची घाई करू नका. मुंबई मॅरेथॉनच्या फुलला तसंही १८ वर्षं पूर्ण लागतात. तोवर तिला ट्रॅकवर नेता येईल. १५००, ३००० मीटर पळू दे, जमलं तर अडथळेही ओलांडू दे. ४२ किलोमीटर कुठे पळून जात नाहीत. तिचा वेग वाढण्याची वर्षं मात्र थोडी असतात.

पुढच्या भागात भेटू. तोवर पळत राहा!