मुठीवरचा मासा, पात्यावरचे नाव

मराठा तलवारींपैकी फिरंग म्हणजे युरोपातून आलेल्या सरळ पात्याला स्थानिक कारागिराने मूठ चढवून सिद्ध केलेले शस्त्र. तिच्या पात्यावर कुठे पासाऊ व सोलिंगेन या जर्मन शहरांचा धावता लांडगा, तर कुठे आन्द्रेआ फेरारा हे नाव आढळते. करवीरच्या छत्रपतींकडून 1875-76 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सला नजर झालेल्या ‘जगदंबा’ तलवारीच्या पात्यावरही ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरखूण उमटवलेली आहे. परंतु जिने हाताला पकड दिली, बोटांवर परजेची वक्र पट्टी आणली आणि कोफ्तगिरीने, म्हणजे खरवडलेल्या पोलादावर सोन्याची तार ठोकून, फुलवेल उठवली, त्या मुठीवर घडवणाऱ्याचे नाव सहसा नसते.

नावासारखाच अलंकारातला मासाही मराठी दरबारात मुठीपेक्षा मानचिन्हावर अधिक ठळक दिसतो. माही मरातब म्हणजे काठीवर मिरवले जाणारे मत्स्यमुख, मोगल बादशाहीतील एक श्रेष्ठ सन्मान; 1792 मध्ये महादजी शिंद्यांनी बादशहाकडून पेशव्यांसाठी आणलेल्या मानमरातबांत त्याचा समावेश होता.

जपानमध्ये मात्र मासा आणि नाव ही दोन्ही मुठीच्या साजावरच भेटतात. त्सुबा ही पाते आणि मूठ यांच्यामधली धातूची चकती, तर मेनुकी हे मुठीच्या वेष्टनाखाली बसवलेले छोटे अलंकार. त्यांवर धबधबा चढून ड्रॅगन होणारा कार्प मासा चिकाटीचे, तर भूमी हादरवणारा कॅटफिश भूकंपाचे प्रतीक म्हणून येतो. त्सुबावरील सही पाते जाण्याच्या खाचेलगतच्या सपाट अंडाकृती जागेवर छिन्नीने कोरलेली असते आणि तलवार जुळवली की पातळ धातूपट्ट्यांखाली पूर्ण झाकली जाते. म्हणजे ती मिरवण्यासाठी नसून साज उतरवून पाहणाऱ्या जाणकारासाठी असते. फिरंगेवरचे उघडे नाव याच्या अगदी उलट, खरेदीदाराची खात्री पटवणारे.

तरीही नावावर सर्वस्वी विसंबता येत नाही. लांडग्याची खूण आणि फेराराचे नाव इतरांनी बेधडक उचलले. जपानमध्येही थोर कारागिरांच्या खोट्या सह्यांचा सुळसुळाट झाला. याउलट गोतो युजो (1440-1512) याच्यापासून सुरू झालेल्या नामांकित गोतो घराण्यातील आरंभीच्या पिढ्यांनी बहुतेक काम सहीविनाच सोडले, आणि पुढच्या वंशजांनी घडण पारखून त्यावर पूर्वजांचे नाव व आपली साक्ष कोरली. मराठा मुठींना अशी साक्ष देणारे घराणे लाभले नाही, म्हणूनच संग्रहातील तलवार केवळ पात्यावरच्या ठशावरून नोंदवणे हा त्या कारागिरावर अन्याय आहे. परजेचा बाक, वेलीची वळणे आणि सोन्याची ठोकणी टिपून मुठी एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर निदान एका हातच्या वस्तू एकत्र लावता येतील.