धक्का खाऊनही जागची न हलणारी माशी

दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे 5 आणि 7 क्रमांकाचे गट आहेत आणि जवळच नानवीजला बलाचं प्रशिक्षण केंद्र. नवा जवान चांदमारीला उतरला, पहिली गोळी झाडली, की त्याचं सगळं लक्ष खांद्याकडे जातं. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबून धरा, हे त्याला आधीच शिकवलेलं असतं. पण तोच धक्का रायफलच्या आणखी एका भागाला बसतो आणि त्या भागाला सांभाळायला खांदा नसतो. नळीच्या टोकावरची माशी आणि तिच्या मागची बॅकसाइट, हे दोन छोटे पोलादी तुकडे दर गोळीला हिसका सोसतात. ते जागचे हलले तर उत्तम नेमबाजाची गोळीही भलतीकडे जाते.

किती भलतीकडे, याचा हिशोब सोपा आहे. पोलिसांच्या कित्येक पिढ्या जिच्यावर शिकल्या त्या आखूड थ्री-नॉट-थ्री रायफलीत माशी आणि बॅकसाइट यांच्यात साधारण 49 सेंटिमीटर अंतर असतं. लक्ष्य 100 मीटरवर असेल तर ते या अंतराच्या सुमारे 200 पट झालं. म्हणून माशी जेवढी सरकेल त्याच्या 200 पट गोळी सरकणार. माशी 0.1 मिलिमीटर सरकली तर 100 मीटरवर 2 सेंटिमीटर आणि 300 मीटरवर 6 सेंटिमीटर फरक पडतो. अर्धा मिलिमीटर सरकली तर 300 मीटरवर तब्बल 30 सेंटिमीटर, म्हणजे गोळी माणसाच्या छातीऐवजी त्याच्या शेजारून जाते. दिशाही लक्षात ठेवायला हवी. माशी उजवीकडे सरकली तर गोळी डावीकडे जाते, माशी उंच झाली तर गोळी खाली लागते. बॅकसाइटचं उलट आहे, ती जिकडे सरकेल तिकडेच गोळी जाते.

आता धक्क्याचं पाहू. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे 11 ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला 740 मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. रायफल जवळपास 4 किलोची. गोळी आणि दारूचा वायू पुढे जातात तशी रायफल मागे येते, आणि गोळी तोंडातून निघेपर्यंत तिला सेकंदाला 2 मीटरहून थोडा जास्त वेग आलेला असतो. हा वेग आकड्यात फारसा वाटत नाही. पण तो येतो सेकंदाच्या एक-दीड हजारांश भागात. हिशोब केला तर सरासरी ओढ गुरुत्वाकर्षणाच्या दीडशे पटीच्या घरात जाते. म्हणजे 10 ग्रॅमची माशी त्या क्षणापुरती दीड किलोची होते, आणि दाब शिखरावर असताना त्याहूनही बरीच जड.

ही ओढ कोणत्या दिशेने लागते, यातच सगळी गोम आहे. नळी झटक्यात मागे जाते, माशी मात्र होती तिथेच राहू पाहते. त्यामुळे नळीच्या मानाने ती पुढे ढकलली जाते आणि ज्या खाचेत बसली आहे त्या खाचेची पुढची भिंत तिला रेटून मागे नेते. मग दस्ता खांद्यावर अडतो, रायफल थांबते आणि माशीला उलट दिशेने, पण बराच हलका रेटा बसतो. म्हणजे प्रत्येक गोळीला दोन्ही बाजूंनी रेटा. माशी खाचेत घट्ट असेल तर यातून काहीच बिघडत नाही, कारण पोलादाला हा भार किरकोळ आहे. पण केसाएवढी जरी फट राहिली तरी रेट्याचा ठोका होतो. ठोक्याने फटीच्या कडा चेपतात, फट वाढते, आणि पुढचा ठोका आणखी जोरात बसतो. सुरुवातीला सावकाश होणारा बिघाड म्हणूनच नंतर एकदम वाढतो.

यासाठी जुन्या कारागिरांनी शोधलेला उपाय म्हणजे डोव्हटेल खाच. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही फिटरला ती माहीत असते: तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद. माशीचा पायाही त्याच आकाराचा, म्हणून ती वर उचलली जात नाही. खरी हुशारी पुढेच आहे. ही खाच नळीला आडवी असते. माशीला सरकायला मोकळी दिशा एकच, डावी-उजवी, आणि धक्का येतो पुढे-मागे. धक्क्याच्या वाटेत खाचेच्या भरभक्कम भिंती उभ्या असतात. इथे माशीला जागेवर धरायचं काम स्क्रूकडे नसतंच, ते मापाकडे असतं. पाया खाचेपेक्षा किंचित मोठा ठेवून तो दाबून बसवतात. आर्मरर त्यासाठी खास शिकंजा वापरतो. तो नसेल तर पितळी पंच ठेवून हलक्या हाताने ठोकतात. पितळ माशीपेक्षा मऊ असल्यामुळे खूण पंचावर पडते, माशीवर नाही. बोटाने ढकलून माशी बसत असेल तर ती निकामी समजावी.

सैल खाच घट्ट करायला तळाला टोकदार पंचाने टिचे मारायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. त्या टिच्यांची टोकं थोड्या गोळ्यांतच चपटी होतात आणि दुखणं परत येतं. पोलादाची पातळ पट्टी घालणं किंवा मोठ्या पायाची माशी बसवणं हे खरं काम. माशी स्क्रूने बसवलेली असेल तिथे आट्यांवर लावायचा थ्रेडलॉकर उत्तम, पण आधी तेल पूर्ण पुसायला हवं, निळा प्रकार वापरावा म्हणजे पुढे स्क्रू खोलता येतो, आणि पूर्ण पक्का व्हायला 24 तास द्यावेत. पेचकसही स्क्रूच्या खाचेत पूर्ण भरेल असाच घ्यावा.

स्क्रूचा प्रश्न जास्त येतो तो लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलींत. इंग्रजी वेस्टर्न सिनेमांत चापाखालची कडी खाली-वर करून काडतूस भरतात, तीच ही रायफल. 1894 ची विंचेस्टर ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. आपल्याकडे ती विरळाच. तिची बॅकसाइट म्हणजे डोव्हटेलमध्ये बसलेलं लवचिक पोलादी पान, आणि त्याखाली पायऱ्यांची पाचर. पाचर मागे-पुढे केली की पान वर-खाली होतं. पाचरीला धरून ठेवतो तो फक्त पानाचा ताण. पान थकलं की धक्क्याने पाचर एखादी पायरी सरकते, आणि डावी-उजवी बरोबर असूनही गोळ्या अचानक खाली किंवा वर लागू लागतात. पान काढून त्याला पुन्हा बाक देणं हा त्यावरचा इलाज. माशी उंचवट्यावर स्क्रूने बसवलेली असेल तर ते स्क्रू दर चांदमारीनंतर तपासावे लागतात.

7.62 मिलिमीटरच्या एसएलआरमध्ये, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफलीत, दुखणं वेगळ्या जागी असतं. तिची माशी नळीवर, पण बॅकसाइट खालच्या भागावर, आणि हे दोन भाग बिजागरीने जोडलेले. रायफल साफसफाईसाठी मधोमध उघडते ती इथेच. म्हणून बॅकसाइट कितीही घट्ट असली तरी बिजागरीला किंवा मागच्या कुलपाला खुळखुळ असेल तर दोन्ही टोकांचा मेळ तुटतो. शिवाय ती स्वयंभरणी असल्याने गोळीच्या धक्क्यानंतर ब्रीच ब्लॉक मागे जाऊन थांबतो तो एक आघात, आणि परत पुढे येतो तो दुसरा. माशी सैल वाटली म्हणून तिच्यावरच हात चालवण्याआधी रायफल बंद करून दोन्ही भाग हाताने हलवून पाहावेत.

लाकडी दस्त्याच्या रायफलींना हवामानही पाहावं लागतं. दौंड आणि शिरूर पर्जन्यछायेतले तालुके. इथल्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं. तीच रायफल बंदोबस्ताला कोकणात किंवा पावसाळ्यात गडचिरोलीला गेली की फुगतं. थ्री-नॉट-थ्रीत नळीला पुढच्या लाकडाचा ठरावीक दाब असावा अशी रचना आहे, आणि मागच्या धक्क्याचा भारही लाकडाच्या बेचक्यांवर येतो. लाकडाने माप बदललं की माशी जागेवर असूनही गोळी दुसरीकडे लागते. हे ओळखायचं कसं? माशी बसवून झाली की तिच्या पायावरून आणि खालच्या पोलादावरून एकच बारीक रेघ मारून ठेवायची, पांढऱ्या रंगाची किंवा छिन्नीची. रेघ तुटली तर माशी सरकली. रेघ अखंड आणि तरी गोळ्या भटकत असतील तर दोष लाकडात, नळीत किंवा धरण्यात शोधायचा.

धरण्यातही, कारण गोळी नळीत असतानाच रायफल जेमतेम 2 मिलिमीटर मागे आलेली असते. झिरो करताना, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी माशी-बॅकसाइट जुळवताना, हे सरकणं हिशोबात आपोआप धरलं जातं. पकड बदलली, दस्ता खांद्यावर सैल धरला, की ते सरकणं बदलतं आणि माशीचा दोष नसताना तिला ठोकलं जातं. म्हणून पाच गोळ्यांचा झुबका पाहिल्याशिवाय, तोही एकाच पेटीतल्या दारूगोळ्याचा, माशीला हात लावू नये. परवानाधारक शेतकऱ्याने तर हे काम घरी करूच नये. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्यावी, आणि परत आणल्यावर तिचा झिरो मान्यताप्राप्त चांदमारीच्या मैदानावरच तपासावा.