भाकरीवरचा निळा डाग

ज्वारीच्या भाकरीच्या तुकड्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब सोडा. डाग निळाकाळा पडतो. शाळेत ‘स्टार्चची परीक्षा’ म्हणून हे दोन मिनिटांत उरकतात आणि खरी गंमत सांगायची राहून जाते. स्टार्चमधली अमायलोजची साखळी ग्लुकोजची. ती पीळ घेत जाते, एका वेढ्याला साधारण सहा ग्लुकोज. त्या पोकळीत आयोडिन ओळीने जाऊन बसतं आणि रंग उमटतो.

शेजारच्या वावरातली कपाशीही ग्लुकोजचीच! पण कापसातली जोडणी निराळी, साखळी सरळसोट. पोकळीच नाही, मग निळा डाग कुठला?

काही जिवाणूंचं एन्झाइम स्टार्चची साखळी कापतं आणि टोकाला टोक जुळवतं. सहा, सात किंवा आठ ग्लुकोजची कडी तयार होते, तिचं नाव सायक्लोडेक्स्ट्रिन. फ्रान्समध्ये व्हिलिये यांनी १८९१ साली तिची पहिली नोंद केली. ही कडी म्हणजे बूड नसलेली वाटी, उंची जेमतेम ०.८ नॅनोमीटर. बाहेरून तिची पाण्याशी गट्टी, आतून तेलकटाशी. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन एरवी उडून जायचं; इथे ते मुक्कामाला राहतं. पोकळीतल्या पाण्याला तिथे अवघडल्यासारखं असतं. लिमोनीन आलं की ते सुटतं आणि बाहेरच्या पाण्यात मिसळतं. रसायनशास्त्रात वाटीला यजमान म्हणतात, आत येणाऱ्याला पाहुणा. या विषयाला १९८७ सालचं नोबेल मिळालं. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रंगद्रव्यं अशा पोकळ रेणूंत बसवून त्यांची चमक कशी बदलते ते पाहिलं गेलंय.

आता या वाट्यांना गंधकाचे पाय लावा आणि त्यांच्या द्रावणात सोन्याचा पत्रा बुडवा. गंधक सोन्याला धरतं, वाट्या आपोआप एका थरात दाटीने बसतात. कोणी मांडत नाही! नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात राइनहाउट आणि हस्केन्स यांनी अशा थरावर अॅडमँटेन नावाचा गोळीवजा पाहुणा बसवला. सात ग्लुकोजच्या वाटीत तो चपखल बसतो. एकटा असला तर येतो-जातो. पण एकाच मोठ्या रेणूला असे अनेक पाहुणे जोडले, तर तो हलत नाही. त्यावर पुन्हा वाट्यांचा थर, पुन्हा पाहुण्यांचा. नुसत्या आळीपाळीने बुडवण्याने पातळ पटल चढत जातं. मला सगळ्यात नवल वाटतं ते उतरवण्याचं: धुण्याच्या पाण्यात मोकळ्या वाट्या भरपूर घातल्या की पाहुणे तिकडे वळतात.

सोन्याऐवजी कापूस घेतला तरी चालतं. क्लोरीन असलेला ट्रायझिनचा आकडा जोडलेली कडी अल्कलीत सुताला पक्की चिकटते, ग्लुकोज ग्लुकोजला जाऊन मिळाल्यासारखी. मग सुगंधी तेल भरायचं. ते हळूहळू उडतं, धुतल्यावर जातं. वाट्या मात्र सुतावरच असतात, पुन्हा भरायला मोकळ्या.