दिसणारा अपाय, न दिसणारा लाभ

मध्यमवर्गीय कुटुंबांच्या औषधांच्या यादीत रक्तदाब आणि मधुमेह यांच्या जोडीला गेल्या दोन-तीन दशकांत आणखी एका दुखण्याची भर पडली आहे. हाडांचा ठिसूळपणा, अर्थात ऑस्टिओपोरोसिस, हे त्या दुखण्याचे नाव. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या स्त्रीच्या हाडांची घनता मोजली जाते, अहवालात उणे अडीचच्या खालचा आकडा येतो आणि डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यावयाची गोळी लिहून देतात. गोळी आणली जाते, काही आठवडे घेतलीही जाते. मग कोणीतरी सांगते की, या गोळीने जबड्याचे हाड कुजते, चालता चालता मांडीचे हाड मोडते. आणि उरलेल्या गोळ्या कपाटात पडून राहतात. याउलट, एकदा लिहून दिलेली गोळी कोणालाही न विचारता दहा-दहा वर्षे चालू ठेवणारी माणसेही आहेत. वरवर पाहता ही दोन टोके आहेत. परंतु लाभ आणि हानी यांचा ताळेबंद न मांडताच निर्णय घेतला जाणे, ही उणीव दोहोंत समान आहे.

प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही; कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा त्याला अधिकार नाही. परंतु भविष्याविषयी निश्चित काहीच ठाऊक नसताना लाभ-हानीची तुलना कशी करावी, हा अर्थशास्त्राचा फार जुना प्रश्न आहे. आणि औषध घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न शेवटी याच जातीचा आहे.

दुखणे आणि त्याची किंमत

आपले हाड दगडासारखे स्थिर नसते. जुने हाड झिजविणाऱ्या आणि नवे घडविणाऱ्या पेशींचे काम आयुष्यभर चालू असते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन कमी होते आणि झीज भरून येण्यापेक्षा अधिक वेगाने होऊ लागते. ही वजाबाकी निःशब्द असते. दुखत काहीच नाही; एखाद्या दिवशी घरातल्या घरात पाय घसरतो आणि मनगट मोडते, पाठीचा मणका दबतो किंवा खुब्याचे हाड मोडते. यांपैकी खुब्याचा अस्थिभंग सर्वांत महाग. पाश्चात्त्य देशांतील अनुभव असा की, खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारणतः पाचांतील एक व्यक्ती वर्षभरात दगावते आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीसारखे स्वतंत्रपणे हिंडता-फिरता येत नाही. जिथे जिने चढावे लागतात आणि शौचालयात उकिडवे बसावे लागते, तिथे या परावलंबनाचा अर्थ निराळा सांगावयास नको. त्याचा भार सहसा घरातील दुसऱ्या स्त्रीवर पडतो. तिने सोडलेली नोकरी कोणत्याच रुग्णालयाच्या बिलात दिसत नाही.

जमेची बाजू

या दुखण्यावर सर्वाधिक वापरली जाणारी औषधे बिस्फॉस्फोनेट या गटातील आहेत. हाड झिजविणाऱ्या पेशींना ती आवर घालतात. त्यांपैकी अलेंड्रोनेटला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, पूर्वीच मणका दबलेला आहे अशा २,०२७ स्त्रियांपैकी निम्म्यांना हे औषध आणि उरलेल्यांना औषधासारखी दिसणारी निर्गुण गोळी देण्यात आली. तीन वर्षांत निर्गुण गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा १५ जणींच्या मणक्यांत नवा अस्थिभंग आढळला. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ८ होते. खुब्याच्या अस्थिभंगाचे प्रमाण २.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आले. वर्षातून एकदा शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडच्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मणक्यांच्या अस्थिभंगाचे प्रमाण तीन वर्षांत १०.९ टक्क्यांवरून ३.३ टक्क्यांवर आणि खुब्याच्या अस्थिभंगाचे २.५ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर उतरले.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. ‘खुबा मोडण्याचा धोका निम्म्याने घटला’ आणि ‘शंभरांतील एकीचा खुबा वाचला’ ही दोन्ही विधाने पहिल्या चाचणीच्या त्याच आकड्यांवर आधारलेली आहेत आणि दोन्ही खरी आहेत. औषध विकणारा पहिले विधान करतो, औषधाला भिणारा दुसरे करतो. टक्केवारी कशाची, हे विचारल्याखेरीज कोणताही टक्का स्वीकारू नये, असे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवितो. तो धडा दवाखान्याच्या पायरीवर विसरण्याचे कारण नाही.

नावेची बाजू

आता खर्चाकडे वळू. या गोळीने अन्ननलिकेचा दाह होऊ शकतो. म्हणूनच ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये, असे पथ्य असते. शिरेतून दिलेल्या औषधानंतर एक-दोन दिवस ताप व अंगदुखी होऊ शकते. हे त्रास बरेच आढळतात, परंतु पथ्याने किंवा औषध बदलून टाळता येतात.

भीती असते ती दोन विरळ अपायांची. जबड्याच्या हाडाचा काही भाग मृत होण्याचे प्रकार २००३ पासून नोंदले जाऊ लागले. त्यांतील बहुसंख्य रुग्ण कर्करोगासाठी याच औषधांच्या कितीतरी मोठ्या मात्रा घेणारे होते. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत हा धोका वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक एवढा मानला जातो. दुसरा अपाय म्हणजे मांडीच्या हाडाचा, फारसा आघात नसताना होणारा वैशिष्ट्यपूर्ण अस्थिभंग. २०१० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याविषयी इशारा दिला. त्याचे नेमके मोजमाप २०२० साली दक्षिण कॅलिफोर्नियातील सुमारे १,९६,००० स्त्रियांच्या नोंदींवरून प्रसिद्ध झाले. त्या हिशेबानुसार दहा हजार गौरवर्णीय स्त्रियांनी तीन वर्षे औषध घेतल्यास खुब्याचे १४९ अस्थिभंग टळतात आणि मांडीचे दोन घडतात. आशियाई वंशाच्या स्त्रियांत मात्र ९१ टळतात आणि आठ घडतात.

हा शेवटचा आकडा आपण विशेष लक्षपूर्वक वाचला पाहिजे. लाभ येथेही हानीच्या अकरापटीहून अधिक आहे. परंतु गौरवर्णीय स्त्रियांत तो सत्तरपटीहून अधिक होता. ‘आशियाई’ या एका शब्दात अनेक देश आणि अनेक शरीरयष्टी सामावतात. म्हणून हे आकडे पुण्या-सोलापूरच्या स्त्रियांना जसेच्या तसे लावणे धाडसाचे होईल. तथापि, पाश्चात्त्य स्त्रियांवरून मांडलेला ताळेबंद आपल्याकडे डोळे मिटून उचलता येणार नाही, एवढे त्यावरून निश्चित ठरते. याच अभ्यासात असेही दिसले की, हा धोका औषध घेण्याच्या वर्षांबरोबर झपाट्याने वाढतो आणि औषध थांबविल्यावर लवकर ओसरतो.

न दिसणाऱ्याची नोंद

आकडे असे असताना भीती एवढी प्रबळ का? फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक बास्तिया याने १८५० साली एक निबंध लिहिला. प्रत्येक कृतीचे काही परिणाम डोळ्यांना दिसतात आणि काही दिसत नाहीत. चांगला अर्थशास्त्रज्ञ दोहोंची नोंद घेतो, असा त्याचा आशय आहे. औषधांच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. जिची मांडी मोडली ती स्त्री दिसते, तिला नाव असते, तिची हकिकत वाड्यातून वाड्यात पोहोचते. जिचा खुबा औषधामुळे मोडला नाही, ती मात्र कोणालाच दिसत नाही; स्वतः तिलाही ते ठाऊक नसते. न घडलेल्या अपघाताची हकिकत कोण सांगणार? त्यात, स्वतः केलेल्या कृतीने झालेली हानी माणसाच्या मनाला काही न केल्याने झालेल्या हानीपेक्षा अधिक टोचते. ‘गोळी घेतली म्हणून झाले’ याची हळहळ राहते. ‘गोळी घेतली नाही म्हणून झाले’ याला आपण नशीब म्हणतो.

अमेरिकेत या मनोवृत्तीचा प्रत्यय आला. वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून विरळ अपायांच्या बातम्या आल्यानंतर २००८ ते २०१२ या काळात तेथील बिस्फॉस्फोनेट गोळ्यांचा वापर निम्म्याहून अधिक घटला. एवढेच नव्हे, तर खुबा मोडून रुग्णालयात आलेल्यांनाही हाडांच्या ठिसूळपणावरील कोणतेही औषध देण्याचे प्रमाण २००२ मधील ४० टक्क्यांवरून २०११ मध्ये २१ टक्क्यांवर आले. तेथील वयोवृद्ध स्त्रियांत खुब्याच्या अस्थिभंगाचे प्रमाण त्याआधी वर्षानुवर्षे घटत होते. ती घट २०१२ नंतर थांबली. एका घटनेमागून दुसरी आली म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु योगायोग म्हणून हा क्रम झटकून टाकणेही शहाणपणाचे नाही.

भीतीचीही बाजू

अर्थात, औषधाकडे संशयाने पाहणाऱ्यांना अडाणी ठरविण्याचेही कारण नाही. याच दुखण्याच्या इतिहासात त्यांच्या संशयाला आधार सापडतो. सोडियम फ्लोराइडने हाडांची घनता वाढते, म्हणून ते एके काळी आशेने दिले जात असे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या चाचणीत कण्याची घनता तब्बल ३५ टक्क्यांनी वाढली. परंतु मणक्यांचे अस्थिभंग लक्षणीयरीत्या घटले नाहीत आणि अन्य हाडांचे तर वाढले. आकडा सुधारला, हाड मात्र सुधारले नाही. राष्ट्रीय उत्पन्न वाढले म्हणजे गरिबी हटली, असे समजणाऱ्यांना ही कथा परिचित वाटावी. पुढे २००२ साली, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन या संप्रेरकांची अमेरिकेतील मोठी चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. दहा हजार स्त्रियांनी वर्षभर ती घेतली तर खुब्याचे पाच अस्थिभंग टळत होते; पण स्तनाच्या कर्करोगाचे आठ आणि पक्षाघाताचे आठ रुग्ण वाढत होते. तात्पर्य, प्रत्येक औषधाचा ताळेबंद स्वतंत्रपणे मांडावा लागतो. एकाची पत दुसऱ्याला उसनी देता येत नाही.

तसेच ताळेबंद माणसागणिकही बदलतो. उणे अडीच ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९४ साली आखली. ती निदानाची सोय आहे. त्या रेषेपाशी हाडात एकाएकी काही घडत नाही. पूर्वी एकदा हाड मोडलेली सत्तरीतील स्त्री आणि नुकतीच पंचावन्नाची झालेली, कधीच न पडलेली स्त्री यांचा अहवालातील आकडा एकच असू शकतो. पण त्यांचा धोका एक नसतो. औषध धोका ठरावीक प्रमाणात घटवीत असेल, तर ज्याचा मूळ धोका मोठा त्याचा लाभ मोठा. विरळ अपायाची शक्यता मात्र दोघींना जवळजवळ सारखीच. म्हणून वय, पूर्वीचा अस्थिभंग, आई-वडिलांचा मोडलेला खुबा, स्टिरॉइडचा दीर्घ वापर, धूम्रपान या बाबी लक्षात घेऊन दहा वर्षांतील धोका सांगणारे ‘फ्रॅक्स’ हे कोष्टक २००८ साली शेफील्ड विद्यापीठातून पुढे आले. भारतासाठीही त्याची आवृत्ती आहे.

काळाबरोबरही हिशेब बदलतो. सरासरी पाच वर्षे अलेंड्रोनेट घेतलेल्या १,०९९ स्त्रियांपैकी काहींनी ते आणखी पाच वर्षे चालू ठेवले, काहींनी थांबविले. २००६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, कण्याव्यतिरिक्त अन्य हाडांच्या अस्थिभंगात दोन्ही गटांत फरक पडला नाही. मणक्यांच्या त्रासदायक अस्थिभंगाचे प्रमाण मात्र थांबविणाऱ्यांत ५.३ आणि चालू ठेवणाऱ्यांत २.४ टक्के होते. घटत्या सीमांत उपयोगितेचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. पहिल्या वर्षांची गोळी आणि दहाव्या वर्षाची गोळी यांचे मोल सारखे नाही, तर जोखीम वाढलेली असते. म्हणूनच तीन ते पाच वर्षांनंतर, धोका फार मोठा नसल्यास, काही काळ विश्रांती द्यावी काय याचा विचार डॉक्टर करतात. हा नियम सर्व औषधांना मात्र लागू नाही. दर सहा महिन्यांनी टोचले जाणारे डेनोसुमॅब अचानक बंद केल्यास झीज उसळी घेते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. तेथे परस्पर घेतलेली विश्रांतीच घातक ठरते.

प्रश्न विचारण्याचा हक्क

या सर्व विवेचनातून व्यवहारासाठी काय निघते? पहिली गोष्ट, रुग्णाने डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत: औषध न घेतल्यास येत्या दहा वर्षांत माझे हाड मोडण्याची शक्यता शंभरांत किती, घेतल्यास किती, अपायाची शक्यता किती, आणि फेरविचार केव्हा करावयाचा? असे विचारणे हा डॉक्टरांवरील अविश्वास नव्हे. दुसरी गोष्ट, हे प्रश्न ज्या स्त्रीचे हाड आहे तिने विचारावेत. आपल्या घरांत पुष्कळदा अहवाल मुलगा वाचतो, निर्णय यजमान घेतात आणि गोळी तिने घ्यावयाची असते. जोखीम जिची तिला हिशेब दाखविला जात नाही, हे व्यवहाराच्या कोणत्याही नियमात बसत नाही. तिसरी गोष्ट रुग्णालयांसाठी आहे. मनगट मोडून आलेल्या साठीच्या स्त्रीला प्लास्टर घालून घरी पाठविले जाते; ते का मोडले याची चौकशी सहसा होत नाही. हाच पहिला अस्थिभंग पुढच्या खुब्याची आगाऊ सूचना असतो आणि औषधाचा लाभ सर्वाधिक असण्याची हीच वेळ असते.

नाचणी, दूध, ऊन, चालणे, घरातील ओल्या फरशा आणि अंधारे जिने यांकडे लक्ष देणे, हे उपाय प्रत्येकाने करावेत. शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, ही काही लहान बाब नव्हे. परंतु ज्यांचे हाड एकदा मोडले आहे त्यांनी एवढ्यावर विसंबून राहू नये. औषधाला विष मानणे आणि औषधाला अमृत मानणे, या दोन्ही गोष्टी विचाराचा त्रास वाचवितात. तो त्रास घेतलाच पाहिजे. कारण गोळी कपाटात ठेवून देणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत कोणाला तरी मोजावी लागते.