पन्नास प्रतींनंतर

मराठी लग्नातल्या आहेराचा गठ्ठा सोडला की त्यात सुरतेची साडी निघतेच. साडीबरोबर खोका येतो, खोक्यावर व्यापाऱ्याचं वळणदार नाव आणि चिन्ह असतं, आत मॉडेलचा फोटो आणि त्या सेटला दिलेलं एखादं गोंडस नाव असतं. हे सगळं कुणीतरी बसून रचलेलं असतं, आणि रचणारा बहुधा दोन-चार माणसांचा, दोन-चार संगणकांचा स्टुडिओ असतो. खोक्यावर त्याचं नाव शोधून सापडणार नाही. कुठल्याही दिवाळी अंकाचं श्रेयनामावलीचं पान मात्र उघडा, तिथे ‘मुखपृष्ठ’ या शब्दापुढे एक नाव हमखास सापडेल. दोन्ही छापील कागदच, दोन्हींचं काम गिऱ्हाईकाची नजर पकडण्याचं. मग एकाचा कर्ता सनाम आणि दुसऱ्याचा निनावी का? माझ्या मते याचा गुणवत्तेशी फारसा संबंध नाही, पुरस्कारांशी तर त्याहून कमी. त्या धंद्यात नाव लिहिण्याची रीत पडली की नाही, एवढाच प्रश्न आहे. सुरतेत ती पडली नाही.

खुणांची रीत मात्र सुरतेत फार जुनी. जहांगीराच्या काळात, 1613 च्या सुमारास इंग्रजांची वखार इथे उभी राहिली, पाठोपाठ डचांची आली. तीन अक्षरं एकमेकांत गुंफलेली डच कंपनीची मुद्रा जगातल्या पहिल्या व्यापारी बोधचिन्हांत गणली जाते. इंग्रज कंपनीची खूण हृदयाच्या आकाराची, वर चारच्या आकड्यासारखं चिन्ह. (1664 आणि 1670 च्या लुटींमुळे मराठी वाचकाला सुरत ठाऊक असते, पण गाठोड्यांवरच्या या खुणांकडे त्याचं सहसा लक्ष जात नाही.) पुढे एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानात पाठवायच्या ताग्यांवर रंगीत छापील तिकिटं चिकटवली. देवदेवता, वाघ, हत्ती, राण्या, अशी चित्रं असत, म्हणजे वाचता न येणारं गिऱ्हाईकही नेमका तागा ओळखून मागे. ब्रिटनमध्ये 1875 साली व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि कापडाच्या खुणा इतक्या निघाल्या की त्यांच्यासाठी मँचेस्टरमध्ये वेगळी व्यवस्था करावी लागली. गिरणीच्या चिन्हाला कायद्याचं कुंपण मिळालं. वाघ काढणाऱ्या हातांची नावं मात्र बहुतेक कुणी टिपून ठेवली नाहीत. सुरतेचा आजचा खोका याच घराण्यातला आहे.

आजच्या कामाची घडण पाहिली की निनावीपणाचं कारण आणखी उलगडतं. रिंग रोडवरच्या मार्केटांतला व्यापारी ग्रे, म्हणजे कोरं कापड घेतो, मिलमध्ये छापून घेतो, भरतकाम जॉबवर्कला देतो आणि कॅटलॉग काढून देशभर पाठवतो. प्रत्येक टप्प्यावर वेगळा माणूस, आणि चालणाऱ्या डिझाइनची नक्कल बघता बघता शेजारच्या दुकानात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं पंधरावं कलम इथे फार बोलकं आहे. जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते यंत्रावर पन्नासाहून अधिक वेळा उतरलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. सुरतेच्या यंत्रांना पन्नासाचा आकडा म्हणजे सकाळचा चहा होईपर्यंतचं काम. 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर दहा आणि वाढवून पाच वर्षांचं संरक्षण मिळतं, पण नोंदणी माल बाजारात येण्याआधी करावी लागते. लग्नसराईपुरतं आयुष्य असलेल्या नक्षीसाठी एवढी यातायात कोण करणार?

बोधचिन्हाचं तसं नाही. ते कापडाचं डिझाइन नसून कलाकृती असल्यामुळे पन्नासाची मर्यादा त्याला लागत नाही. बाहेरच्या स्टुडिओने रेखाटलेल्या चिन्हावरचा पहिला हक्क साधारणपणे रेखाटणाऱ्याचा असतो आणि तो देऊन टाकायला लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. त्याहून महत्त्वाचं कॉपीराइट कायद्याचं सत्तावन्नावं कलम: हक्क विकल्यावरही ‘हे मी केलं’ असं म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. म्हणजे कायद्याने नाव नाकारलेलं नाही, ते मागायची सवयच नाही.

यावर व्यापाऱ्याचा आक्षेप ठरलेला आहे. शिंपी सदऱ्यावर आपलं नाव शिवतो का? पैसे दिले, काम संपलं. शिवाय नकलेमुळेच साडी स्वस्त होते आणि खेड्यातल्या आहेरापर्यंत पोचते. दुसरा मुद्दा मला मान्य आहे. नक्कल थांबवा असं माझं म्हणणंच नाही. पण नाव लिहिल्याने नक्कल महाग होत नाही. आणि शिंप्याचा दाखला जरा फसवा आहे. शिंप्याला त्याचं गिऱ्हाईक चेहऱ्याने ओळखतं, पुढचं काम त्यातूनच येतं. स्टुडिओचं काम हजारो घरांत जातं आणि एकाही घराला त्याचा पत्ता लागत नाही. पुढचं काम मग ओळखीतून आणि कमी दरातून मिळवावं लागतं.

पुरस्कार ही उणीव भरून काढतात, असं काही जण सांगतात. बहुतेक डिझाइन पुरस्कारांना प्रवेशशुल्क असतं, वर कामाचं सादरीकरण सजवायला वेळ लागतो. त्यामुळे तिथे प्रामुख्याने भाग घेण्याची ऐपत मोजली जाते. दोन चिन्हांची तुलना करून पाहावी. रुपयाचं ₹ हे चिन्ह 2010 मध्ये खुल्या स्पर्धेतून आलं आणि उदय कुमार हे नाव शाळकरी मुलांच्या सामान्यज्ञानात गेलं. स्टेट बँकेचं निळं वर्तुळ त्याहून कितीतरी अधिक काळ डोळ्यांसमोर आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी ते 1971 च्या सुमारास केलं, हे किती खातेदारांना ठाऊक आहे? कौशल्यात कमी-जास्त काही नाही. एका वेळी नाव जाहीर झालं, दुसऱ्या वेळी नाही.

मराठी छपाईने हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला, तोही न ठरवता. 1867 च्या छापखाना कायद्याने मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं केलं. चित्रकाराचं नाव छापा असं काही त्या कायद्याने सांगितलं नव्हतं, पण नावांची एक जागा तयार झाली आणि संपादकांनी तिथे चित्रकारालाही बसवलं. चित्रकार दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला, तोवर त्यांची सही स्वतःच अंक विकू लागली होती. कमल शेडगे तर चित्रंही काढत नव्हते, अक्षरं काढत होते. नाटकांच्या जाहिरातींतल्या त्यांच्या अक्षरांनी प्रेक्षकाला अक्षर काढणाऱ्याचं नाव विचारायला शिकवलं. आजचं उदाहरण मुंबईच्या ‘एक टाइप’चं. सारंग कुलकर्णी, गिरीश दळवी, नूपुर दाते यांच्या या छोट्या स्टुडिओने ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट अनेक लिप्यांत केले आणि खुल्या परवान्याने वाटले. गुजरातीसाठी या फॉन्टांची नावं ‘मुक्ता वाणी’ आणि ‘बलू भाई’. कुणीही फुकट वापरावेत, पाहिजे तितक्या प्रती काढाव्यात, पण फॉन्ट पुढे द्यायचा तर हक्काची नोंद आणि परवाना त्याच्यासोबत गेला पाहिजे. नक्कल मोकळी आणि नाव मात्र शाबूत, असा तोडगा इथे प्रत्यक्षात आला आहे. सुरतेच्या व्यापाऱ्याला हवी ती मोकळीक तो देतो आणि स्टुडिओला हवं ते नावही राखतो.

सुरतेला नावाची किंमत कळत नाही असंही नाही. सुरतेच्या जरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा शहराचं नावच मालाला जोडलं गेलं. वजनमापाच्या नियमांनी पॅकबंद मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि किंमत छापायला लावली; तीही निमूटपणे छापली जाते. तेव्हा खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांची एक चौकट आधीच तयार आहे. कॅटलॉगच्या मागच्या पानावर ऑर्डरसाठी मोबाइल नंबर असतो आणि त्याच्याखाली, पानाच्या कडेपर्यंत, दोन बोटं कोरी जागा.