जे आधी येईल ते

गेल्या नोव्हेंबरात सातववाडीतल्या एका ओळखीच्या काकांकडून मी २०१४ची पल्सर १५० घेतली. मीटरवर ९,४१० किलोमीटर. काका रोज सकाळी घर ते हडपसरची मंडई आणि परत, एवढीच ती चालवायचे. गुडघे दुखायला लागल्यावर तेही थांबलं आणि शेवटची दोन वर्षं गाडी जिन्याखाली झाकून ठेवलेली होती. रंग शाबूत, सीटवर ओरखडा नाही. घरी सगळे म्हणाले, "नवीनच मिळाली की!" मलाही तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी गाडीतळाजवळ ती मिसिंग मारायला लागली आणि बंद पडली. ढकलत ढकलत मी सासवड रोडवरच्या एका पत्र्याच्या गॅरेजपर्यंत आले.

गॅरेजवाल्या मामांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी आधी गाडीला हात लावला नाही. सीटखालच्या पिशवीतून कंपनीची पुस्तिका काढायला लावली आणि सर्व्हिसच्या तक्त्याखालच्या ओळीवर बोट ठेवलं. "वाचा ताई." तिथे किलोमीटर आणि कालावधी दोन्ही दिलेले होते, आणि पुढे : यापैकी जे आधी येईल ते.

"लोक किलोमीटर वाचतात, पुढचं सोडून देतात. तुमची गाडी नऊ हजार चालली हे खरं, पण वय अकरा वर्षं. आपण अकरा वर्षांची सर्व्हिस करायची."

पुढचे दीड दिवस मी स्टूल घेऊन तिथेच बसले.

सुरुवात ऑइलपासून झाली. इंजिन कसंबसं पाच मिनिटं चालू ठेवून मगच मामांनी ड्रेन नट सोडला, कारण कोमट ऑइल सगळा गाळ घेऊन उतरतं. काळं ऑइल येणार हे धरलेलंच होतं. पण धार संपता संपता थोडं दुधट, कॉफीच्या रंगाचं ऑइल आलं. ते पाणी होतं. मंडईपर्यंतच्या दोन किलोमीटरांत इंजिन पुरतं तापत नाही. आतल्या हवेतली वाफ थंड धातूवर धरते आणि ऑइलमध्ये मिसळते. लांब पल्ल्याला तीच वाफ उडून जाते. रोज थोडी चालणारी गाडी म्हणूनच ऑइल लवकर खराब करते. नवं २०-डब्ल्यू-५० ऑइल, नवा फिल्टर आणि ड्रेन नटाखाली नवा वॉशर बसला. जुनं ऑइल गटारात न ओतता कॅनमध्ये भरून भंगारवाल्यासाठी बाजूला ठेवलं.

मग कार्ब्युरेटर उघडला. खालच्या वाटीत पेट्रोल आटून मधासारखा चिकट पिवळा थर बसला होता. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पेट्रोल सुकतं, पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्र्याला आतून गंज धरतो. मामांनी पायलट जेट काढून माझ्या तळहातावर ठेवला. पितळेचा, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, मधे केसाएवढं भोक. गाडी थंड असताना सुरू होणं आणि सिग्नलला सुरू राहणं या भोकावर अवलंबून असतं. त्यांनी तो उजेडासमोर धरला. आरपार काहीच दिसेना.

मी म्हटलं, "तार घालून मोकळा करता येईल का?"

"तारेनं भोक मोठं होतं. मग गाडी जास्त पेट्रोल पिते आणि जन्मभर पीत राहते."

जेट क्लीनरमध्ये भिजवला, हवेचा फवारा मारला, परत उजेडासमोर धरला. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी त्यांनी तो माझ्या डोळ्यासमोर आणला. काळ्या भोकात सुईच्या टोकाएवढा, पण पूर्ण गोल उजेड होता. पेट्रोलची रबरी नळीही वाकवून दाखवली. वाकवल्यावर बारीक चिरा उघडल्या. इंजिनाच्या उष्णतेशेजारी गळणारी नळी कुणालाच नको, म्हणून तीही बदलली.

या गाडीला प्लग दोन आहेत. आकुर्डी-चाकणच्या बजाजनं पल्सर २००१ मध्ये आणली आणि २००३ मध्ये तिला दोन प्लगचं डीटीएस-आय इंजिन दिलं. एक प्लग हाताशी येतो, दुसरा आडबाजूला असतो. घाईच्या सर्व्हिसमध्ये तो तसाच राहून जातो. आमच्या गाडीतला तर घट्ट रुतला होता. मामांनी घाई केली नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारून, चहा पिऊन, मग पाना लावला. ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की खर्च दहापट होतो.

ब्रेकचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पुढच्या डिस्कचं ब्रेक ऑइल नवं असताना फिक्या मधासारखं असतं. आमचं कोऱ्या चहासारखं झालं होतं. हे ऑइलही हवेतला ओलावा घेतं. ओलाव्यानं त्याचा उकळबिंदू उतरतो, आणि घाटात ब्रेक तापल्यावर आत वाफ होऊन लिव्हर पोकळ जातो. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, मग गाडी चालो वा न चालो. मामा निपल सैल करत, मी लिव्हर दाबून धरत होते. नळीतून बुडबुडे येणं थांबेपर्यंत हे चाललं.

टायर गोटा झाले नव्हते, नक्षी खोल होती. पण बाजूला चार आकडे कोरलेले असतात. आमच्यावर होते २११४, म्हणजे २०१४ सालचा एकविसावा आठवडा. रबर नखानं दाबलं तर दगडासारखं लागलं. असा टायर पावसाळ्यात सोलापूर रोडवर पकड धरणार नाही. दोन्ही बदलले. बॅटरीनं मल्टिमीटरवर ११.६ व्होल्ट दाखवले. पूर्ण चार्ज असती तर साधारण १२.६ दिसले असते. रात्रभर चार्ज करूनही ती टिकली नाही, तीही बदलली. चेन मात्र वाचली. रॉकेलनं धुऊन, ९० नंबरचं ऑइल लावून, मधे बोटानं वर-खाली साधारण इंचभर हलेल एवढा ताण ठेवला.

बिल साडेनऊ हजार झालं. गाडी घेताना ही रक्कम मी धरलेलीच नव्हती. कमी चाललेली गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं ती किमतीत धरावी आणि तेवढ्यानं भाव कमी करून मागावा. आरसीची मुदत १५ वर्षांची, म्हणजे माझ्याकडे ही गाडी किमान २०२९ पर्यंत आहे. त्या हिशेबानं खर्च जास्त नाही.

आता दर रविवारी माउलींच्या पालखीच्या वाटेनं फुरसुंगी, वडकी करत मी दिवे घाट चढते. वर मस्तानी तलाव दिसेपर्यंत इंजिन पुरतं तापलेलं असतं. त्याला हवी असते ती हीच अर्ध्या तासाची चाल.

सीटखाली एक छोटी वही ठेवली आहे. तिच्यात दोन रकाने आहेत : किलोमीटर आणि तारीख. तुमच्या जिन्याखाली एखादी झाकलेली गाडी असेल, तर आजच झाकण काढा, टायरवरचे चार आकडे वाचा आणि ब्रेक ऑइलचा रंग बघा. मीटर बघण्याआधी तारीख बघा.