शाळेच्या स्वच्छतागृहातील भिंतींचा पायथा आणि प्लास्टिकची पट्टी

शाळेच्या इमारतीची पाहणी करताना आपण छप्पर पाहतो, फळा पाहतो, खिडक्यांची दारे पाहतो. स्वच्छतागृहाच्या भिंतीचा जमिनीलगतचा वीतभर भाग मात्र क्वचितच कोणी वाकून पाहतो. वस्तुतः ते स्वच्छतागृह वापरात राहणार की त्याला कुलूप लागणार, हे पुष्कळदा तेथेच ठरते. पायथ्याचा गिलावा फुगतो, त्याचे पोपडे सुटतात, त्यांच्यामागे घाण पाणी मुरते आणि मग कितीही फिनेल ओतले तरी दुर्गंधी हटत नाही. हळूहळू मुली तेथे जाईनाशा होतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने मुलांमुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली आहेत. परंतु कागदावर असलेले आणि वापरात असलेले स्वच्छतागृह यांतील अंतर भरून काढण्याचे काम शेवटी शाळेवरच येऊन पडते.

अलीकडे पायथ्याला प्लास्टिकची, म्हणजे पीव्हीसीची, पट्टी बसविण्याकडे कल दिसतो. गवंडी तिला स्कर्टिंग म्हणतात. साधारणतः तीन ते चार इंच उंचीची ही पट्टी हलकी असते, तिला वाळवी लागत नाही, आणि बादलीचा धक्का व खराट्याचा मार ती सहन करते. जमीन धुताना उडालेले पाणी तिच्यामुळे गिलाव्यापर्यंत पोहोचत नाही. तिचा उपयोग एवढाच आहे. भिंतीत आतून चढणारी ओल ती थांबवू शकत नाही, उलट झाकून टाकते. आणि झाकलेली ओल उघड्या ओलीपेक्षा अधिक नासधूस करते.

म्हणून प्रथम ओल कोठून येते ते शोधावे. ओल तीन वाटांनी येते: वरून उडालेल्या पाण्याची, नळाच्या वा निचऱ्याच्या फुटक्या सांध्यातून झिरपणारी आणि जमिनीतून वर चढणारी. तिसरा प्रकार विद्यार्थ्यांना वर्गातच दाखविता येईल. बशीत थोडे शाईचे पाणी घेऊन त्यात खडू उभा करावा. काही वेळात शाई खडूत वर चढलेली दिसेल. वीट आणि गिलावा यांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी याच रीतीने वर चढते. ते क्षार बरोबर आणते. पाणी वाळले की क्षार पृष्ठभागावर पांढऱ्या पिठासारखे उरतात. यालाच आपण लोणा म्हणतो. लोणा दिसला की पट्टीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

लोणा नसेल तरीही एक परीक्षा करावी. हातभर लांबीरुंदीचा पातळ प्लास्टिकचा कागद पायथ्याशी चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावावा आणि दोन दिवस तसाच राहू द्यावा. कागदाच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येत आहे. केवळ बाहेरच्या बाजूस जमले तर तो हवेतील दमटपणा होय. पावसाळ्यात केलेली परीक्षा अधिक विश्वसनीय ठरते, कारण उन्हाळ्यात बहुतेक भिंती निर्दोष वाटतात.

येथे आपल्या दोन तालुक्यांतील फरक ध्यानी घ्यावा. जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट परिसरात आणि आंबेगावच्या आहुपे, भीमाशंकर भागात पाऊस मुसळधार असतो व भिंती महिनोन्‌महिने वाळत नाहीत. तेथे, माझ्या मते, प्लास्टिकच्या पट्टीपेक्षा शहाबादी किंवा चकाकीच्या फरशीचा हात-दीड हात उंचीचा पट्टा सिमेंटमध्ये बसविणेच श्रेयस्कर. बेल्हे, आणे किंवा धामणी, लोणीकडील कोरड्या पट्ट्यात मात्र सिमेंटचा गिलावा घट्ट असेल तर पट्टी पुरेशी होते आणि खर्चही थोडा येतो.

भिंत कोरडी ठरली की पायथा थापीच्या मुठीने ठोकून पाहावा. पोकळ आवाज येईल तेवढा गिलावा काढून टाकावा व एकास चार या प्रमाणात सिमेंट-वाळूचा नवा भरावा. त्यावर किमान सात दिवस पाणी मारावे आणि पुढे तो पूर्ण वाळू द्यावा. घाई होते ती याच टप्प्यावर. भिंतीला चुना किंवा डिस्टेंपर दिलेले असेल, आणि आपल्या शाळांत ते बहुधा असतेच, तर पट्टीच्या उंचीएवढा भाग खरवडून गिलाव्यापर्यंत उघडा करावा. नाही तर चिकटद्रव्य भिंतीला न धरता चुन्याला धरते, आणि चुन्याच्या पापुद्र्यासह पट्टी हातात येते.

स्वच्छतागृहाच्या जमिनीला निचऱ्याकडे उतार असतो. पट्टी पाणसळीत बसविली तर एका टोकास खाली फट राहते. म्हणून पट्टी उताराला धरूनच लावावी. कोपऱ्यांसाठी पुस्तकी नियमाने ४५ अंशांचा छेद घेतात. पण गवंड्याच्या हातचा कोपरा नेमका ९० अंशांचा क्वचितच असतो. कोपऱ्याचा कोन पुठ्ठ्यावर उतरवून, कोनमापकाने मोजून त्याचा निम्मा घ्यावा. कोनदुभाजकाचा असा प्रत्यक्ष उपयोग विद्यार्थी विसरणार नाहीत. कापण्यास बारीक दात्यांची करवत घ्यावी व कड कानशीने घासावी.

पीव्हीसी उष्णतेने बरेच प्रसरण पावते. तीन मीटर लांबीची पट्टी ३० अंश सेल्सिअसच्या फरकात सुमारे ६ मिलीमीटर वाढते. पत्र्याच्या छपराखालील खोलीत एवढा फरक सहज पडतो. पट्टी दोन्ही टोकांस भिंतीशी घट्ट ठोकून बसविल्यास उन्हाळ्यात ती मध्ये कमानीसारखी उचलली जाते. म्हणून टोकांशी थोडी मोकळीक ठेवून ती सिलिकॉनने भरावी. सिलिकॉन घेताना सिरक्यासारखा उग्र वास येणारे घेऊ नये; त्यातील आम्लाचे सिमेंट-चुन्याशी जमत नाही. दुकानदाराकडे ‘न्यूट्रल’ प्रकार मागावा. स्क्रू शक्यतो टाळावेत, कारण प्रत्येक भोक ही पाण्याची नवी वाट असते. भिंत वाकडी असून पट्टी नुसत्या चिकटद्रव्याने टेकत नसेल तरच ते वापरावेत, व तेही न गंजणारे. वरची व खालची कड सिलिकॉनने बंद केल्यावर एक दिवस पाणी लागू देऊ नये. भोके पाडण्याचे व कापण्याचे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये, हे सांगावयास नकोच.

खर्चाबाबत एवढे लक्षात ठेवावे की समग्र शिक्षा अभियानातील संयुक्त शाळा अनुदानापैकी किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी खर्च करावयाची असते. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव करताना केवळ पट्टीची किंमत न लिहिता निचऱ्याची दुरुस्ती व गिलावा यांचाही समावेश करावा.

पट्टी बसल्यानंतर सफाईसाठी तीव्र अॅसिड वापरण्याची सवय सोडावी लागेल. प्लास्टिकला त्याने फारसे काही होत नाही, परंतु कडेतून आत गेलेले अॅसिड गिलावा खाते. अॅसिड व ब्लीचिंग पावडर तर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. साबणाचे पाणी व मऊ घासणी पुरते. जूनअखेर, पहिल्या मोठ्या पावसानंतर, वरची कड बोटाने दाबत एक फेरी मारावी. कोठे पट्टी हलली वा कडेखाली पिवळट रेघ उमटली तर तेथील सिलिकॉन कापून काढावे, पट्टी सोडवावी, भिंत वाळू द्यावी आणि मगच ती पुन्हा लावावी.